कबर सापडली, पण माणूस तोच का?

लग्नानंतर अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि सध्या फिलाडेल्फियाजवळ राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. त्यांचे पती अमेरिकन आहेत. ऐंशी ओलांडलेल्या सासूबाईंच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या असे सांगत आले आहेत की त्यांचा मूळ पुरुष, त्याला आपण जॉन म्हणू, स्वातंत्र्ययुद्धात कॅप्टन होता, व्हॅली फोर्जच्या छावणीत वॉशिंग्टनबरोबर होता आणि पेनसिल्व्हेनियातील बर्क्स काउंटीतल्या एका जुन्या चर्चच्या आवारात त्याला पुरले आहे. अमेरिकन स्वातंत्र्याच्या २५० व्या वर्षाच्या निमित्ताने त्या कबरीवर पुष्पचक्र वाहण्याची सासूबाईंची इच्छा आहे, तर कॉलेजात शिकणाऱ्या नातीला ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन’ या, स्वातंत्र्ययुद्धाला हातभार लावणाऱ्यांच्या वंशज स्त्रियांच्या संस्थेची सभासद व्हायचे आहे. वाचक भगिनींनी शोध घेतला तेव्हा त्या नावाचा कॅप्टन मिळाला नाही. बर्क्सच्या मिलिशियाच्या (नागरिकांच्या हंगामी फौजेच्या) यादीत त्याच नावाचा एक साधा शिपाई मिळाला, ओहायोत पेन्शन घेऊन वारलेला दुसरा एक जण मिळाला, आणि इंटरनेटवरच्या वंशवृक्षाने या दोघांना एकच ठरवलेले दिसले. ओहायोतील कबरीवर घासून गुळगुळीत केलेल्या ग्रॅनाइटचा दगड आणि शेजारी धातूचे चिन्ह आहे. बर्क्सच्या चर्चच्या आवारात त्या नावाचा दगडच नाही. त्या विचारतात: सासूबाईंना हे सांगावे का? मिलिशियातला शिपाई संस्थेला चालेल का, आणि अर्धी मराठी मुलगी चालेल का? बर्क्समध्ये आपल्या खर्चाने एक दगड बसवून टाकावा का? आणि परक्या घरातून आलेल्या सुनेने त्यांच्या पूर्वजाची अशी झडती घ्यावी का?

सप्रेम नमस्कार.

दगडाच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीचे प्रश्न थांबू शकतात. तो बेत सध्या रद्द करा. सासूबाईंना हयातीत समाधान मिळावे एवढाच तुमचा हेतू आहे, हे पत्रातून स्वच्छ दिसते. पण कोरलेल्या दगडावर लोक कागदापेक्षा अधिक विश्वास ठेवतात. आज तुम्ही अंदाजाने बसवलेल्या दगडाचा उद्या कोणी तरी फोटो काढील, तो ‘फाइंड अ ग्रेव्ह’ या कबरींच्या संकेतस्थळावर चढवील, तिथून तो दहा वंशवृक्षांत जाईल आणि पन्नास वर्षांनी तुमच्याच घरातली एखादी मुलगी तो पुरावा म्हणून पुढे करील. ओहायोतील ज्या कबरीने आज तुम्हाला कोड्यात टाकले आहे, तिच्यावरचा दगडही अशाच एखाद्या सदिच्छेतून आला नसेल कशावरून?

तो दगड नीट पाहण्यासारखा आहे. १८३० च्या दशकात ग्रामीण ओहायोत वारलेल्या शेतकऱ्याच्या डोक्याशी वालुकाश्माची किंवा फार तर संगमरवराची पातळ पाटी उभी राहिली असती. यंत्राने घासून गुळगुळीत केलेला ग्रॅनाइट बऱ्याच नंतरचा. म्हणजे दगड मृत्यूनंतर दोन-तीन पिढ्यांनी बसवलेला असणार आणि त्यावरची माहिती बसवणाऱ्याला जेवढी होती तेवढीच खरी. शेजारच्या चिन्हावर क्रूसाच्या आकारात बंदूकधारी शेतकरी आणि १७७५ हे साल असेल, तर ते ‘सन्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन’चे, सूतकताईचे चाक आणि तारे असतील, तर ते ‘डॉटर्स’चे. पहिली संस्था १८८९ मधली, दुसरी १८९० मधली, तेव्हा चिन्ह त्याआधीचे असूच शकत नाही. हे चिन्ह म्हणजे पुरावा नव्हे, परंतु कोणी तरी केव्हा तरी काही कागदांच्या आधारे ते लावले, एवढे मात्र त्यावरून कळते. ते कागद कोणते, हे त्या संस्थेच्या ओहायो शाखेला पत्र लिहून विचारता येते. तुम्ही स्वतः तिथे गेलात, तर सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात जा, पुसट अक्षरांवर आरशाने बाजूने उजेड पाडा, आणि खडू, तारेचा ब्रश किंवा दाढीचा फेस यांतले काहीही दगडाला लावू नका. दगडाच्या पाठीमागचा आणि आजूबाजूच्या दगडांचाही फोटो घ्या. शेजारी कोण निजले आहेत यावरून तो जमिनीचा तुकडा कोणत्या घराण्याचा आहे हे बहुधा उमगते, आणि तुमच्या कामाचे तेच आहे.

आता मूळ गुंता. तुम्ही लिहिता की ‘आमच्या पूर्वजाबद्दल दोन परस्परविरोधी माहिती मिळते’. या वाक्यातच एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे दोन्ही माहिती एकाच माणसाची आहे. अठराव्या शतकातल्या बर्क्समध्ये जर्मन वस्ती दाट होती आणि त्या घरांमध्ये जवळजवळ प्रत्येक मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नावापुढे ‘योहान’ (इंग्रजीत जॉन) लागे. चुलतभाऊ, काका-पुतणे आणि शेजारच्या गावचे अजिबात नात्यात नसलेले लोक एकाच नावाचे असत. त्यात इंग्रजी कारकून ऐकू येईल तसे आडनाव लिहून मोकळा होई, त्यामुळे म्युलरचा मिलर आणि श्नायडरचा स्नायडर झाला. अशा ठिकाणी नाव जुळले म्हणजे माणूस जुळला असे मानणे म्हणजे वडाची साल पिंपळाला लावणे, आणि तुम्हाला मिळालेल्या वंशवृक्षाने नेमके तेच केलेले दिसते: जन्म एकाचा, मिलिशिया दुसऱ्याची आणि मृत्यू कदाचित तिसऱ्याचा.

हा गुंता जॉनपासून सुरुवात करून सुटणार नाही. तो मुलीपासून मागे जात सोडवावा लागतो, एकेक पिढी, प्रत्येक पायरीला आईबापांचे नाव सांगणारा कागद हातात घेऊन. पेनसिल्व्हेनियात जन्म-मृत्यूची राज्यपातळीवरची नोंदणी १९०६ पासून आहे आणि काउंटीतली विवाहनोंद १८८५ पासून, म्हणून अलीकडच्या चार-पाच पिढ्या बहुधा विनासायास जमतात. १८५० च्या जनगणनेत पहिल्यांदा घरातल्या प्रत्येकाचे नाव येते. खरी अडचण त्याआधीच्या, म्हणजे १७९० ते १८४० च्या जनगणनांमध्ये आहे. त्यांत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आणि बाकीच्यांच्या वयोगटांनुसार संख्या असतात. पुष्कळ वंशावळी या टप्प्यावर तुटतात आणि तुटलेला सांधा कौटुंबिक आख्यायिकेने जोडला जातो. तुमची वंशावळ इथपर्यंत कागदांनी पोहोचते का, हे पत्रात लिहिलेले नाही. ते आधी पाहा. पोहोचत नसेल, तर युद्धाचे दफ्तर उघडण्यात सध्या अर्थ नाही.

पोहोचत असेल, तर दोन जॉन वेगळे करण्याचे सर्वांत खात्रीचे साधन फार नीरस आहे: करवसुलीच्या याद्या. त्या टाउनशिपनुसार, म्हणजे काउंटीच्या लहान विभागांनुसार, आणि अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे मिळतात. बर्क्सचा जॉन ज्या वर्षी आपल्या जमिनीचा आणि दोन घोड्यांचा कर भरतो आहे, त्याच वर्षी ओहायोचा जॉन तिकडे कर भरत असेल, तर ही दोन माणसे झाली आणि प्रश्न तिथेच संपला. उलट बर्क्सच्या यादीतून एक नाव नाहीसे होऊन वर्ष-दोन वर्षांत ओहायोत उगवत असेल, तर वंशवृक्ष कदाचित बरोबर असेल. त्याच्या जोडीला रेडिंग येथील काउंटी कार्यालयातली मृत्युपत्रे, जमिनीचे खरेदीखत आणि ‘ऑर्फन्स कोर्ट’ची कागदपत्रे पाहा. नावावरून वाटते तसे हे न्यायालय फक्त अनाथांचे नव्हे. मृत्युपत्र न करता वारलेल्या माणसाची मिळकत वारसांत कशी वाटली जावी हे तिथे ठरत असे, म्हणून मुला-मुलींची आणि जावयांची नावे एका ठिकाणी मिळतात. सह्याही जुळवून पाहा. एक जण जर्मन लिपीत सफाईने सही करीत असेल आणि दुसरा फुली मारीत असेल, तर वेगळे सांगायला नको. काउंटीच्या सीमांकडे दुर्लक्ष मात्र करू नका: स्कूलकिल काउंटी १८११ मध्ये बर्क्स आणि नॉर्थॅम्प्टन यांच्यातून निघाली, तेव्हा आज स्कूलकिलमध्ये असलेल्या, पण मूळच्या बर्क्सच्या गावाचा १८०० मधला कागद रेडिंगला असणार.

आता सेवेविषयी, कारण तुमच्या पत्रातली निराशा मुख्यतः ‘कॅप्टन नाही, नुसता मिलिशियातला शिपाई’ या शब्दांत आहे.

पेनसिल्व्हेनियाने मार्च १७७७ मध्ये जो मिलिशिया कायदा केला, त्याने १८ ते ५३ वर्षे वयाच्या गोऱ्या पुरुषांवर सक्तीची सेवा लादली. प्रत्येक कंपनीचे आठ वर्ग पाडले जात आणि पाळीपाळीने एकेका वर्गाला साधारण दोन महिन्यांसाठी बोलावले जाई. तुम्हाला मिळालेली यादी अशा वर्गाची असेल, तर ती फक्त एवढेच सांगते की जॉनवर सेवेचे दायित्व होते. तो गेला असेल, दंड भरून घरी राहिला असेल किंवा त्याने बदली माणूस पाठवला असेल. प्रत्यक्ष कामगिरी दाखवायला पगारपत्रक, देयकाचे प्रमाणपत्र किंवा चालत्या तुकडीची हजेरी लागते. हॅरिसबर्ग येथील राज्य अभिलेखागारात या युद्धातील सैनिकांच्या नोंदींची कार्डे आहेत आणि त्यांवर नोंद कोणत्या कागदावरून घेतली हेही दिलेले असते. ‘पेनसिल्व्हेनिया आर्काइव्ह्ज’च्या छापील खंडांवर थांबू नका, ते फार उपयोगी आहेत, पण त्यांत नावांच्या वाचनाच्या चुका आहेत.

व्हॅली फोर्जची छावणी १९ डिसेंबर १७७७ पासून १९ जून १७७८ पर्यंत होती. तिथे होत्या त्या मुख्यतः खड्या फौजेच्या रेजिमेंट. त्या सैनिकांची नावे एकत्र करून शोधण्याजोगी यादी तयार झालेली आहे आणि तिच्यात तुम्हाला जॉन मिळाला नाही. यावरून सासूबाईंच्या घरची गोष्ट खोटी ठरते असे मला वाटत नाही. त्या हिवाळ्यात फिलाडेल्फिया ब्रिटिशांच्या ताब्यात होते आणि शहरात जाणारी रसद रोखण्यासाठी स्कूलकिल व डेलावेअर या नद्यांमधल्या मुलखात गस्त घालण्याचे काम पेनसिल्व्हेनियाच्या मिलिशियाकडे होते. बर्क्सचा एखादा शेतकरी आपल्या दोन महिन्यांच्या पाळीत तिथे बर्फात उभा राहिला असेल, तर म्हातारपणी नातवंडांना तो ‘वॉशिंग्टनच्या छावणीपाशी होतो’ असे सांगणार, आणि चार पिढ्यांत ‘पाशी’ गळून पडणार. म्हणून जॉनचा वर्ग कोणता आणि तो वर्ग कोणत्या महिन्यांत निघाला हे शोधा. तो त्या हिवाळ्यात निघालाच नसेल, तरी रेडिंग हे साठ्याचे, रुग्णालयांचे आणि पुढे हेसियन (ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या जर्मन) युद्धकैद्यांचे ठाणे होते. पहाऱ्याची कामगिरी तिथेही होती.

कॅप्टनपदाचेही तसेच. युद्ध संपल्यावर १७९२ च्या संघराज्य कायद्यानुसार राज्याराज्यांत शांतताकाळची मिलिशिया उभी राहिली आणि गावोगाव कॅप्टन झाले. ती पदवी माणसाला मरेपर्यंत आणि कधी कधी कबरीवरही चिकटून राही. जॉन १७९५ मध्ये कॅप्टन असेल आणि १७७८ मध्ये शिपाई, यात विसंगती काहीच नाही.

‘पेन्शनची फाइल नाही, म्हणजे सेवा नाही’ असे तुम्ही बर्क्सच्या जॉनबद्दल लिहिले आहे. हे मात्र तुम्ही सोडून द्यावे. वॉशिंग्टनमधील युद्धखात्याच्या कचेरीला ८ नोव्हेंबर १८०० रोजी आग लागली आणि तोवरचे कागद जळाले. आज जी सेवापत्रके दिसतात ती पुढे इतर ठिकाणांहून मिळवलेल्या कागदांवरून जुळवलेली आहेत. १८१८ चा पेन्शन कायदा खड्या फौजेत किमान नऊ महिने काढलेल्या गरजूंसाठी होता. मिलिशियावाल्यांना खऱ्या अर्थाने दार उघडले ते ७ जून १८३२ च्या कायद्याने, आणि त्यालाही एकूण सहा महिन्यांची सेवा लागत असे. दोन महिन्यांच्या दोन पाळ्या करून १८१५ मध्ये वारलेल्या शेतकऱ्याची फाइल असेलच कशी? त्याची विधवा मागे राहिली असेल तर १८३६ पासूनच्या विधवांच्या कायद्यांखाली शोधा. नामंजूर अर्जही पाहा, त्यांच्या क्रमांकाआधी ‘आर’ हे अक्षर असते. अर्ज फेटाळला गेला याचा अर्थ माणूस खोटे बोलला असा होत नाही; बहुधा सेवेचे महिने कमी भरलेले असतात, आणि कागद मात्र तितकाच बोलका असतो.

ओहायोच्या जॉनची फाइल तुम्ही फक्त सारांशात वाचली आहे. ती पूर्ण वाचा. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर अशा सुमारे ८०,००० फाइली डिजिटल रूपात आहेत आणि स्वयंसेवक त्यांचे जुने हस्ताक्षर उलगडून लिहीत आहेत. १८३२ च्या कायद्याखाली अर्ज करणारा म्हातारा काउंटीच्या न्यायालयात उभा राही आणि त्याला ठरावीक प्रश्न विचारले जात: जन्म कुठे व कोणत्या साली झाला, वयाची नोंद कुठे आहे, बोलावणे आले तेव्हा कुठे राहत होतास आणि त्यानंतर कुठे कुठे राहिलास, स्वेच्छेने गेलास, सक्तीने, की कोणाचा बदली म्हणून, आणि बदली असशील तर कोणाचा, तुकडीबरोबर कोणते अधिकारी होते, सेवामुक्तीचा कागद मिळाला का, आणि शेजारपाजारचे कोण तुझ्या सचोटीची ग्वाही देईल. तुमच्या सगळ्या कोड्याचे उत्तर तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे. तो ‘बर्क्स काउंटी’ म्हणाला असेल तर पुढे शोधा. ‘व्हर्जिनिया’ म्हणाला असेल, तर तो कोणा दुसऱ्याचा पूर्वज आहे. विधवेचा अर्ज असेल तर विवाहाचा पुरावा म्हणून घरच्या बायबलची फाडलेली पाने फाइलीत मिळण्याचीही शक्यता आहे. आणि पेन्शनच्या शेवटच्या देयकाच्या कागदात मृत्यूची तारीख व कधी कधी वारसांची नावे असतात, हे कबरीच्या शोधात विसरू नका.

नातीच्या सभासदत्वाची चिंता मला सर्वांत कमी वाटते. ‘डॉटर्स’ना ना हुद्दा लागतो, ना कबर. अर्जदार १८ वर्षे पूर्ण झालेली स्त्री असावी, प्रत्येक पिढीचे रक्ताचे नाते कागदांनी सिद्ध व्हावे आणि पूर्वजाने १९ एप्रिल १७७५ ते २६ नोव्हेंबर १७८३ या काळात स्वातंत्र्याच्या कार्याला हातभार लावलेला असावा, एवढ्यावर काम होते. हातभार म्हणजे केवळ बंदूक नव्हे. पेनसिल्व्हेनियात निष्ठेची शपथ घेतल्याची, सैन्याला धान्य वा जनावरे पुरवल्याची, इतकेच नव्हे तर युद्धखर्चासाठी लावलेला पुरवठा-कर भरल्याची नोंदही देशसेवा म्हणून स्वीकारली गेली आहे. तुम्ही जॉन वेगळे करण्यासाठी ज्या कर-याद्या चाळणार आहात त्याच इथेही कामी येतील. संस्थेच्या संकेतस्थळावरची पूर्वजांची सूची विनामूल्य पाहता येते. तिथे जॉनच्या नावासमोर ‘यापुढील अर्जदारांनी सेवा नव्याने सिद्ध करावी’ अशा आशयाची सूचना दिसली, तर समजा की फार पूर्वी कोणी तरी आख्यायिकेवर सभासदत्व घेतले आणि पुढे ते तपासणीत टिकले नाही. अशा जुन्या अर्जाची प्रत मागवा, पण त्यातल्या दाव्यांवर विसंबू नका. स्थानिक शाखेतल्या रजिस्ट्रार बाई बहुधा या कामात मुरलेल्या असतात. त्यांच्याकडे अर्धवट कागद घेऊन जायला संकोच करू नका.

वर्णाबद्दल तुम्ही आडून विचारले आहे, मी सरळ सांगते. या संस्थेने १९३९ मध्ये आपल्या सभागृहात कृष्णवर्णीय गायिका मॅरियन अँडरसन यांना गाऊ दिले नव्हते आणि त्या कारणावरून एलिनॉर रूझवेल्ट यांनी सभासदत्वाचा राजीनामा दिला होता. कृष्णवर्णीय म्हणून ज्ञात असलेली पहिली सभासद १९७७ मध्ये आली. हा इतिहास मुलीला माहीत असावा. आजच्या नियमांत वंश वा वर्ण हा निकष नाही, आणि एखाद्या शाखेत वातावरण थंड वाटलेच, तर दुसरी शाखा निवडता येते.

कबरीचा शोध सेवेच्या शोधाहून वेगळ्या वाटेने जातो. बर्क्समधल्या बऱ्याच चर्चांत लुथरन आणि रिफॉर्म्ड या दोन प्रोटेस्टंट पंथांच्या मंडळ्या एकाच इमारतीत उपासना करीत, आणि एकच पाद्री चार-पाच गावे सांभाळून स्वतःची वेगळी वही ठेवी. तेव्हा ‘चर्चच्या दफ्तरात नोंद नाही’ हे उत्तर अपुरे आहे: कोणत्या मंडळीच्या, आणि चर्चच्या की पाद्र्याच्या? लुथरन आणि रिफॉर्म्ड कागद त्या त्या पंथाच्या अभिलेखागारात आणि स्थानिक संग्रह रेडिंगच्या बर्क्स हिस्टरी सेंटरमध्ये पाहावेत. जर्मन पाद्र्यांच्या दफननोंदी वाचायला मिळाल्या तर त्या सोन्याच्या आहेत, कारण त्यांत वय अनेकदा वर्षे, महिने, दिवस अशा हिशेबात असते आणि त्यावरून जन्मतारीख काढता येते. आज दगड नाही म्हणजे तो कधीच नव्हता असेही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हौशी मंडळींनी जुन्या आवारांतले लेख उतरवून ठेवले, तेव्हा वाचता येणारे कित्येक दगड आता भुगा झालेले आहेत. पेनसिल्व्हेनियात माजी सैनिकांच्या कबरींची कार्डे काउंटीवार तयार झाली, तीही पाहा. मात्र कार्डावरची माहिती घरच्यांच्या सांगण्यावरून घेतलेली असू शकते, म्हणजे ती सासूबाईंच्या आजीचीच गोष्ट टंकलिखित होऊन तुमच्याकडे परत आलेली असायची. मिळकतीच्या हिशेबात शवपेटीच्या सुताराला किती दिले हेही कधी सापडते. त्याने जागा कळत नाही, पण तो त्या वर्षी, त्या परिसरात वारला हे पक्के होते, आणि मग ओहायो आपोआप बाद होते.

आता सासूबाई. तुम्ही दोनच पर्याय मांडले आहेत, सांगणे किंवा लपवणे. त्याआधी विचारणे येते. ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली, त्या व्यक्तीला कोणी सांगितली होती, घरचे बायबल कोणत्या भावंडाकडे गेले, लहानपणी मेमोरियल डेला, म्हणजे सैनिकांच्या स्मृतिदिनी, फुले घेऊन त्या आवारात कोणत्या कोपऱ्यात जात असत, हे सगळे त्यांना विचारा आणि त्यांची परवानगी घेऊन फोनवर ध्वनिमुद्रित करा. बोलत असताना साले दुरुस्त करू नका. त्यांच्या आजीने बोट दाखवलेली जागा हा पुरावा म्हणून पुरेसा नसला तरी कुठे शोध घ्यायचा याचा तो उत्तम इशारा आहे, आणि तो देणारी त्यांच्याइतकी जवळची व्यक्ती आज दुसरी कोणी दिसत नाही. या बैठकीत तुमच्या यजमानांनी असावे. आई त्यांची आहे. कागद तुम्ही शोधलेत म्हणून सगळा निरोप तुम्हीच पोहोचवावा असे नाही.

त्यानंतर जे सापडले ते सांगा, जे सापडले नाही त्याची जंत्री नको. ‘तुमचे जॉन बर्क्सच्या अमुक कंपनीत होते, ही पाहा यादी’ हे ऐकून त्या दुखावतील असे तुम्ही गृहीत धरले आहे. त्या एवढ्या नाजूक आहेत का? नातीच्या मंजूर अर्जावर ‘शिपाई, पेनसिल्व्हेनिया’ असेच छापून येणार आहे आणि ते त्यांनी इतरांकडून कळण्याआधी घरात ऐकावे. मात्र त्यांची प्रकृती किंवा स्मरणशक्ती ढासळलेली असेल, तर वाद जिंकण्याची काहीही गरज नाही. कागद नातीजवळ आहेत, तेवढे पुरे.

परकेपणाची गोष्ट मला पटत नाही. आपल्या जुन्या वंशावळींत लेकींची आणि सुनांची नावे शोधावी लागतात. इथे तर हा धागा सासूबाईंच्या माहेरातून, म्हणजे एका लेकीकडून, तुमच्या यजमानांमार्फत तुमच्या मुलीपर्यंत पोहोचला आहे आणि संस्थेच्या दृष्टीने तो मुलाच्या धाग्याइतकाच पक्का आहे. तुम्ही तिची आई म्हणून विचारता आहात. शिवाय ऐकीव पराक्रम म्हणजे काय हे तुम्हाला नवीन नाही; पानिपतावर कोणी पणजोबा पडला नाही असे घराणे आपल्याकडे शोधून काढावे लागेल, आणि कुलवृत्तांत लिहिणारे त्यापुढे ‘असे सांगतात’ हे दोन शब्द जोडून पुढे जातात. जॉनच्या कॅप्टनपदापुढेही ते चालतील. मुलीला हेही सांगायला हरकत नाही की जानेवारी १७७९ मध्ये वॉशिंग्टनची फौज न्यू जर्सीत मिडलब्रूकच्या हिवाळी छावणीत असताना इंग्रजांच्या मुंबईच्या फौजेने वडगावला मराठ्यांपुढे शरणागती पत्करली होती. तिचे दोन्हीकडचे पूर्वज एकाच सत्तेशी झुंजत होते, आणि साध्या शिपायाचे नाव दोन्हीकडे सारख्याच कष्टाने सापडते.

पुष्पचक्राला दगडाइतका पुरावा लागत नाही. जॉनचे कुटुंब त्या मंडळीचे होते एवढे मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींवरून दिसले, तर चर्चची परवानगी घेऊन आवाराच्या जुन्या भागात ते ठेवा आणि सोबतच्या कार्डावर ‘या मंडळीचे जॉन यांच्या स्मरणार्थ’ असे लिहा. ‘येथे विश्रांती घेत आहेत’ हे शब्द टाळा. पुढे कबरीची जागा आणि सेवा दोन्ही सिद्ध झाल्या आणि कबरीवर खूण नसेल, तर माजी सैनिकांच्या केंद्रीय खात्याकडे अर्ज करता येतो. दगड विनामूल्य मिळतो. खासगी आवारात तो बसवण्याचा खर्च तुमचा आणि परवानगी चर्चची.

आणि दोन जॉन वेगळे निघाले, तर ओहायोच्या जॉनच्या इंटरनेटवरच्या पानाची देखभाल करणाऱ्या व्यक्तीला लिहायला विसरू नका. ती बहुधा त्या जॉनची वंशज असेल आणि तुमच्या जॉनचे आईबाप तिच्या पानावर चढवले गेले आहेत हे तिला ठाऊकही नसेल. ‘तुमचे चुकले’ अशी सुरुवात न करता कर-यादीची दोन पाने, दोन्ही सह्यांचे फोटो आणि पेन्शनच्या जबानीतला राहण्याच्या ठिकाणाचा उतारा जोडा, त्यांच्या घरी बायबल आहे का ते विचारा, आणि पत्रावर सही मुलीची असू द्या.